गाडी स्लोवर थरथरते, तेव्हा आधी स्क्रूला हात लावू नका

प्रश्न : माझी २००८ सालची १०० सीसीची मोटारसायकल आहे. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं गुडघाभर चिखल, म्हणून पोळ्यापर्यंत दोन-अडीच महिने गाडी गुरांच्या कोठ्यातच उभी होती. आता ४०-५०च्या वेगाला मस्त पळते, पण ॲक्सिलेटर सोडला की इंजिन थरथरते, मिस मारते आणि बाजारात थांबलं की बंद पडते. मिस्त्रीनं प्लग बदलून रेस वाढवून दिली. आता बंद पडत नाही, पण ॲव्हरेज पडला आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. कार्बोरेटर नवाच टाकू का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, नवा कार्बोरेटर घेऊ नका. अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे. पळताना चांगली आणि उभी असताना खराब, म्हणजे मेन जेट ठीक आहे. (जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी. मेन जेट पळताना लागतो, स्लो जेट उभ्या गाडीत.) ॲक्सिलेटर पूर्ण सोडलेला असतो तेव्हा इंजिनाला पेट्रोल मिळतं ते फक्त स्लो जेटमधून. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट थर राहतो, तो सगळ्यात आधी हेच भोक धरतो. रेस वाढवली की ॲक्सिलेटरची पट्टी थोडी उघडी राहते आणि इंजिन दुसऱ्या भोकांवर चालतं. आजार झाकला जातो, बरा होत नाही. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांचा स्लो, म्हणजे ॲक्सिलेटर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. तुमचा त्याच्या बराच वर गेलाय, म्हणून गिअर खाडकन पडतो.

काही उघडण्याआधी एक परीक्षा करा. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, स्लोवर ठेवा आणि चोक अर्धा ओढा. इंजिन सुधारलं, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. गुदमरून बंद पडलं, तर पेट्रोलच जास्त जातंय : एअर फिल्टर चोंदलेला, चोक पूर्ण परत न जाणारा किंवा फ्लोटची सुई (कार्बोरेटरची वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) गळणारी. तुमची गाडी चोकनं सुधारेल असा माझा अंदाज आहे.

मग पेट्रोल बघा. कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, बंद करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेनचा स्क्रू सैल करा आणि निघेल ते पांढऱ्या काचेच्या बाटलीत धरा. बाटली उन्हाकडे धरून पाच मिनिटं तशीच ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा काचेवर घरंगळणारे गोल थेंब दिसले, तर ते पाणी. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि खाली बसतात. कॉक नेमका तिथूनच ओढतो. अर्धी रिकामी टाकी अन् पावसाळाभर कोठ्यातली दमट हवा, याहून वाईट जोडी नाही. पाणी दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करा, नुसत्या वाटीवर थांबू नका.

आता जेट. वाटी खोलली की मेन जेटच्या शेजारी खोल बसलेला बारीक स्लो जेट दिसेल. बरोबर बसणारा पेचकस वापरा, पितळेची खाच लगेच खराब होते. काढून आभाळाकडे धरा. मधोमध लख्ख, गोल ठिपका दिसला पाहिजे. अंधूक किंवा कडेला दाटलेला दिसला तर कार्बोरेटर क्लिनरमध्ये बुडवून ठेवा, मग पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या. जेट ज्या भोकात बसतो तिथूनही हवा मारा, कारण कचरा आतल्या वाटेतही असतो. तार मात्र घालू नका. शिकत होतो तेव्हा मी क्लच केबलची एक तार घालून एका शेतकऱ्याचा जेट साफ केला होता. भोक मोठं झालं, गाडी काळा धूर ओकू लागली आणि त्या माणसाचा ऐन पेरणीतला दिवस माझ्यापायी गेला. ते मला आजही टोचतं.

जेट साफ करूनही थरथर राहिली, तर इंजिन अन् कार्बोरेटरच्या मधला जोड तपासा. तिथली रबरी ओ-रिंग जुन्या गाड्यांत कडक होते आणि फटीतून हवा शिरते. ॲक्सिलेटर सोडल्यावरही रेस लवकर खाली येत नाही, हे तिचं लक्षण. इंजिन थंड असताना चालू करून जोडावर थोडं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर चोर सापडला. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तसं करू नका, पेट घेतलेली गाडी मी पाहिली आहे.

आणि टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह (झडप) आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली बारीक फट. लोक सांगतात, “इंजिनाचा आवाजच नाही, एकदम गार चालते.” मला त्याचीच भीती वाटते. फट कमी, म्हणजे टॅपेट घट्ट असलं की आवाज येत नाही, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. दाब निसटतो, सकाळी ठीक असलेली गाडी दुपारी स्लोवर बंद पडते, आणि आपण कार्बोरेटर धूत बसतो. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), गाडीसोबतच्या पुस्तकातल्या मापानं टॅपेट लावून घ्या. बोटाच्या अंदाजानं लावलेलं मला चालत नाही.

प्रश्न : कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू किती फेरे खोलायचा? जो तो वेगळं सांगतो.
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : प्रत्येक गाडीचं वेगळं, म्हणून ऐकीव आकडा धरू नका. आधी हळूच पूर्ण आवळा आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवा, चुकलं तर परतता येईल. जोर लावला तर स्क्रूचं टोक आत रुतून बसण्याची जागा खराब होते. मग गाडी गरम करून, दीड फेऱ्यापासून सुरुवात करत पाव-पाव फेरा फिरवा आणि इंजिन जिथं सगळ्यात वेगात व एकसारखं चालेल तिथं थांबा. नंतर रेसचा स्क्रू कमी करून स्लो जागेवर आणा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, खोलला की पेट्रोलचं प्रमाण कमी होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, खोलला की पेट्रोल वाढतं. स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनावर काहीच फरक पडत नसेल, तर बहुतेक स्लो जेट बंद आहे. वर दारव्ह्याच्या भावाला सांगितलंय तिथूनच सुरू करा.