तळ आधी, शिक्का नंतर: जुन्या चिनी पोर्सेलिनविषयी वाचकांचे प्रश्न

ठाण्यात आणि नवी मुंबईत जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असलेली भांडी खाली उतरत आहेत. त्यातल्या चिनी भांड्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

शेजारचं कुटुंब घर रिकामं करतंय. त्यांच्याकडे निळ्या-पांढऱ्या सहा बशा आहेत. पूल, त्यावर तीन माणसं, ओणवं झाड, वर दोन पक्षी असं चित्र आहे. ‘पणजोबांनी चीनहून आणल्या’ म्हणतात. घ्याव्यात का? (नौपाडा, ठाणे)

हे चित्र ‘विलो पॅटर्न’ म्हणून ओळखलं जातं आणि ते इंग्लंडचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या स्टॅफर्डशर भागातल्या कारखानदारांनी चिनी भांड्यांच्या धर्तीवर ते बेतलं. पणजोबांची गोष्ट खोटीच असेल असं नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा, विशेषतः पारशी पेढ्यांचा, चीनच्या कँटन बंदराशी मोठा व्यापार होता आणि तिथून भांडी इथल्या घरांत आली. पण विलायती क्रॉकरीही इथे भरपूर येत होती.

बशी दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी न्या आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. विलो पॅटर्न बहुधा छापील असतो: तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर घेऊन भांड्यावर उतरवलेलं. भिंगाखाली बारीक रेघा आणि ठिपके दिसतात. काठाच्या नक्षीत कुठेतरी कागदाची दोन टोकं नीट न जुळल्याचा सांधाही सापडतो. हाताने रंगवलेल्या चिनी बशीत कुंचला जाणवतो. रेघ जाड सुरू होऊन बारीक होत जाते आणि आतला निळा रंग एका बाजूला साचून गडद झालेला असतो.

मग बशी उलटी करा. चिनी बशीच्या बुडाच्या कड्यावर सहसा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसतं, उघडी माती हाताला लागते. विलायती बशीचा तळ बहुतेक वेळा पूर्ण ग्लेझ केलेला असतो आणि भट्टीत बशी टेकवायच्या तिकाटण्याचे छोटे व्रण त्यावर राहतात. बशा आवडल्या असतील तर जरूर घ्या, पण जुन्या विलायती बशांच्या भावात.

एका विक्रेत्याकडे फुलदाणी आहे. तळाला निळ्या दुहेरी वर्तुळात सहा चिनी अक्षरं आहेत. ‘खांगशी बादशहाचा शिक्का, तीनशे वर्षं जुनी’ असं तो छातीठोक सांगतो. (वाशी)

सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सहा अक्षरं दोन ओळींत असतात. उजवी ओळ आधी, वरून खाली. पहिली दोन राजवंशाची (‘दा छिंग’), पुढची दोन बादशहाची, शेवटची दोन म्हणजे ‘या काळात घडवलं’. खांगशीची कारकीर्द 1662 ते 1722. आता गंमत पाहा. 1677 मध्ये जिंगदेझेन या पोर्सेलिन घडवणाऱ्या चिनी शहराच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला मनाई केली. त्यामुळे बऱ्याच खऱ्या खांगशी भांड्यांवर नुसतं रिकामं दुहेरी वर्तुळ, एखादं पान किंवा दोनशे वर्षं आधीच्या, मिंग राजवंशातल्या बादशहाचा शिक्का सापडतो. उलट खांगशीचं नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास घातलं गेलं, आणि आजही घातलं जातं. शिक्क्याने फार तर ‘यानंतरचं’ एवढंच कळतं.

म्हणून शिक्का शेवटी वाचा. आधी बुडाच्या कड्यावरून बोट फिरवा. जुन्या चांगल्या भांड्याची माती दाट आणि गुळगुळीत लागते. ग्लेझ जिथे संपतं तिथे बऱ्याचदा बारीक नारिंगी कड दिसते, ती मातीतल्या लोहामुळे. तपकिरी रंग कड्यावर सगळीकडे सारखाच पसरला असेल तर चहाचं पाणी किंवा पोटॅशियम परमँगनेट चोळल्याची शंका घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्याला रंग लागला तर भांडं तिथेच ठेवा.

झीज भिंगाखाली पाहा. वापराचे ओरखडे सगळ्या दिशांनी, कमी-जास्त खोल असतात आणि त्यांत मळ बसलेला असतो. एकाच दिशेचे, स्वच्छ, सारख्या खोलीचे ओरखडे सँडपेपरचे. शिवाय झीज जिथे घासलं जातं तिथेच हवी. पोटाच्या खोलगट भागात ओरखडे कसे पडतील?

मग हात आत घाला. जुन्या मोठ्या फुलदाण्या दोन-तीन भागांत घडवून जोडत, त्यामुळे आतून आडवा उंचवटा बोटांना लागतो. साच्यात ओतलेल्या आधुनिक फुलदाणीची भिंत सगळीकडे सारखी असते आणि कधी उभी शिवण दिसते. तळाला भोक असेल तर तिचा कधीतरी दिवा केला होता. त्याने किंमत बरीच उतरते.

खरेदीआधी नजर तयार करायची असेल तर सीएसएमटीला उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू तिथे आहेत. एकाच भांड्यासमोर दहा मिनिटं उभं राहा.

आजीची लोणच्याची बरणी, वर तपकिरी, खाली पांढरट. चिनी मातीची म्हणजे चीनची का? (कोपरी, ठाणे)

नाही. ‘चिनी माती’ हे आपल्याकडे पदार्थाचं नाव आहे. अशा दुरंगी बरण्या भारतातच कारखान्यांत बनल्या. ते स्टोनवेअर, म्हणजे जाड, दाट भाजलेल्या मातीचं भांडं आहे; पोर्सेलिनसारखा त्यातून उजेड पार होत नाही. आतल्या ग्लेझला भेगा नसतील तर खुशाल लोणचं घाला. मात्र रंगीत नक्षीच्या जुन्या चिनी वाडग्यांत आंबट काही ठेवू नका. ग्लेझवरून दिलेल्या त्या रंगांत शिसं असू शकतं, आणि चिंच-लिंबाच्या आंबटपणाने ते सुटतं.

घेताना धड दिसलेल्या वाडग्याला घरी आल्यावर केसासारखी चीर दिसली. आधी कसं ओळखायचं? आणि चिकटवू का? (घोडबंदर रोड, ठाणे)

वाडगा सपाट तळहातावर तोलून ठेवा, काठाला धरू नका. नखाने हलकेच टिचकी मारा. धड पोर्सेलिनचा नाद घुमतो, चिरलेलं बद्द वाजतं. मग अंधाऱ्या कोपऱ्यात आतून टॉर्च लावून वाडगा सावकाश फिरवा. चीर काळ्या रेघेसारखी उठून दिसते. लपवलेल्या दुरुस्तीसाठी 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च लागतो: वरून मारलेला रंग बाकीच्या ग्लेझपेक्षा वेगळा चमकतो. तो नसेल तर बोटाने पाहा, दुरुस्तीची जागा किंचित ऊबदार आणि मऊ लागते.

नुसत्या चिरेत काही भरू नका. झटपट चिकटणारा गोंद तुकडे नीट बसायच्या आत धरतो आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) पुढे पिवळं पडतं. वाडगा फुटलाच तर कण न् कण गोळा करा, प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळा, कडा एकमेकींवर घासू नका आणि संवर्धकाकडे द्या. ते विरघळवून काढता येईल असं चिकटवणारं द्रव्य वापरतात. जुने पितळी टाके असतील तर काढू नका, ती त्या भांड्याची हकिकत आहे.

धुताना प्लॅस्टिकच्या टबात तळाशी टॉवेल अंथरा आणि कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब घाला. ब्लीच, टॉयलेट क्लीनर, घासणीची पूड यातलं काहीही नको. सोनेरी काठ घासू नका. चिकटवलेलं भांडं पाण्यात बुडवू नका, जुना डिंक फुगून सांधा सुटतो.

अमेरिकेतल्या भाच्याला जुनी चिनी बशी भेट पाठवायची आहे. चालेल का? (नेरुळ)

1972 च्या पुरातन वस्तू व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ती चीनमध्ये घडली असली तरी सूट मिळेल असं धरून चालू नका. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वय कमी आहे अशी खात्री असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्या, मगच पार्सल बांधा. पुरातन वस्तूंचा व्यवसाय करायलाही परवाना लागतो, म्हणून विक्रेत्याकडे तो मागायला संकोचू नका. आणि बशी घरापर्यंत नेताना वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उघड्या कड्याला लागते. आधी साधा कागद, मग बबल रॅप. रिक्षात पायाशी ठेवण्यापेक्षा मांडीवर घ्या.