डोस कधी बसणार?

‘मॅडम, माझा डोस एकदाचा कधी बसणार?’ थायरॉईडची गोळी नव्याने सुरू झालेल्या बायका हे इतक्यांदा विचारतात, की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एकीची हकिगत सांगते.

सोलापुरातल्याच प्राथमिक शाळेतल्या बाई. वय ४४, टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) १४. ‘केमिकलची गोळी नको’ यावर ठाम. भावाने अमेरिकेतून नैसर्गिक थायरॉईडची, म्हणजे डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीपासून केलेल्या गोळ्यांची बाटली आणली. डॉक्टर थायरॉक्सिनच, म्हणजे नेहमीची कृत्रिमरीत्या केलेली गोळीच, सुचवत होते. शेवटी नाराजीनेच त्यांनी ३० मिलिग्रॅमवर, म्हणजे अर्ध्या ग्रेनवर सुरुवात करून दिली. तेव्हा जानेवारीतली गड्ड्याची जत्रा चालू होती. मार्चअखेर बाई माझ्यासमोर बसल्या तेव्हा झोप उडालेली, आणि ‘हृदयाचंच काहीतरी आहे’ ही धास्ती.

‘डोस किती वेळा बदललात?’
‘दोन-तीनदा असेल.’
कॅलेंडर काढून मोजायला लावलं. दहा आठवड्यांत नऊ वेळा. थकवा वाटला की ब्लेडने पाव तुकडा जास्त, धडधडलं की दोन दिवस बंद.

डोस ठरवणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण माणूस डोसशी कसं वागतो, ते पाहणं माझंच. विचार, शरीर आणि वागणं एकमेकांत कसं गुंततं, ते कागदावर उतरवल्याशिवाय सुटत नाही, असं माझं जुनं मत आहे. म्हणून वहीत चार रकाने आखून दिले: गोळी किती वाजता आणि किती, चहा किती वाजता, अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी, आणि धडधड झाली तर कधी व काय करत असताना. अट एकच: डॉक्टरांनी पुन्हा ठरवून दिलेल्या ३० मिलिग्रॅमला हात लावायचा नाही.

तिसऱ्या भेटीत त्यांनी वही उघडली आणि स्वतःच बोट ठेवलं. ‘मॅडम, ही धडधड दोन प्रकारची आहे.’ एक सकाळची. सहाला गोळी, साडेआठ-नऊला शाळेत प्रार्थनेच्या वेळी छातीत धडधड. दुसरी रात्री अकराची, मोबाइलवर थायरॉईडबद्दल वाचताना. मागच्या तारखा आठवून त्या म्हणाल्या, गोळी बंद ठेवलेल्या दिवसांतही ही रात्रीची यायचीच.

थोडं थांबून म्हणाल्या, ‘विरजण लावून दर तासाला डाव घालून बघावं, तसं चाललंय माझं.’

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. रकाने आखण्याचं श्रेय मात्र मी घेते.

सकाळच्या धडधडीचं कारण गोळीतच आहे. १ ग्रेनमध्ये, म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅममध्ये, थायरॉईडच्या दोन संप्रेरकांपैकी सुमारे ३८ मायक्रोग्रॅम टी-४ (म्हणजेच थायरॉक्सिन) आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३ असतं. म्हणजे चारास एक. आपली स्वतःची ग्रंथी हेच साधारण चौदास एक या प्रमाणात सोडते. नैसर्गिक म्हणावं ते डुकराला! टी-३ दोन ते चार तासांत रक्तात चढतं आणि दिवसभरात ओसरतं. टी-४ निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून डोस बदलल्याचा खरा परिणाम कळायला सहा आठवडे जातात. आज पाव तुकडा वाढवून उद्या वाटणारी तरतरी किंवा घाबरं त्या डोसबद्दल फारसं काही सांगत नाही.

डॉक्टरांनी दिवसाचा डोस सकाळ-दुपार असा विभागला, सकाळची धडधड निवळली. वाढ १५ मिलिग्रॅमची, तीही दोन-तीन आठवड्यांच्या आत नाही. डोस न हलवता सहा आठवडे झाले की टीएसएच. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. या गोळीवर टी-४ बरेचदा कमी दिसतं. तेवढ्यावरून डोस वाढवू नये. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद, नाहीतर आकडे फसवे येतात.

बाईंची आणखी एक चूक वहीतच सापडली: गोळी दुधाच्या चहाबरोबर. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा तासाभराने; कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. बाई गोळ्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवत होत्या, त्याही खाली आणवल्या. सोलापूरच्या मे महिन्यात तिथे त्या भाजून निघतात. मूळ बाटलीत, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवाव्यात.

पन्नाशीपुढच्यांनी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ही गोळी स्वतःहून सुरूच करू नये. डॉक्टर देतात तेव्हाही १५ पासून जपून. दिवस राहिले किंवा राहायचे असतील तर थायरॉक्सिनच, कारण बाळाच्या मेंदूला आईचं टी-४ लागतं. बसल्या जागी नाडी शंभरावर राहिली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर माझ्याकडे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

ऑगस्टमध्ये बाई आल्या तेव्हा डोस ६० मिलिग्रॅमवर होता, टीएसएच २.९. केस अजून गळत होते. त्याला आणखी काही महिने लागतात, हे त्यांनीच मला सांगितलं. तेवढ्यात भावाचा फोन आला, जास्त पॉवरची बाटली पाठवू का म्हणून.

‘आत्ता नको रे,’ बाई म्हणाल्या, ‘आधी पुढचा रिपोर्ट येऊ दे.’