टोकियो ते लॉस एंजेलिस विमानाने अंतर किती आणि जाता-येता वेळ वेगळा का?

तुम्ही विचारलंय की टोकियोहून लॉस एंजेलिस किती लांब आहे आणि तिकिटावर जाताना १० तास, परतताना जवळपास १२ तास असं का लिहिलंय. अंतर साधारण ८,८०० किलोमीटर आहे, दोन्हीकडून तेवढंच. वेळेचा सगळा फरक वाऱ्यामुळे पडतो.

मी जानेवारीत गेलो होतो तेव्हा समोरच्या स्क्रीनवर स्पीड बघत बसलो होतो, जाताना आकडा ताशी १,१०० किलोमीटरच्या वर गेला आणि परतताना तोच ७९० च्या आसपास रेंगाळत होता, मला आधी वाटलं स्क्रीनच बिघडलाय. पण तसं नसतं. विमान हवेतून दोन्ही वेळा ९०० च्या आसपासच उडत असतं, ती हवाच पुढे सरकत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत, वाहते आणि हिवाळ्यात जपानवर ती कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जाते. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता, पण रिपोर्ट १९२६ साली एस्पेरान्तो या फार थोड्या लोकांना येणाऱ्या कृत्रिम भाषेत काढला, त्यामुळे बाहेरच्या जगात त्याकडे फारसं कुणाचं लक्षच गेलं नाही. एवढं मोठं काम करून असं व्हावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हिशोब बघा. वाटेत सरासरी १०० चा वारा पाठीमागून मिळाला तर ८,८०० ला १,००० ने भागायचं, पावणेनऊ तास येतात, समोरून आला तर ८०० ने भागायचं, ११ तास. शिवाय रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, गेटला लागणं यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, तिकिटावरच्या वेळेत तोही धरलेला असतो.

मार्गाचं म्हणाल तर सपाट नकाशा बघू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत तरी दोरा वर उत्तरेला अलास्काच्या अल्युशियन बेटांच्या खालपर्यंत जातो, आणि तोच जवळचा रस्ता आहे, अक्षांश धरून सरळ गेलात तर उलट ५०० किलोमीटर जास्त पडतात. पायलट मात्र रोज वारा बघून मार्ग बदलतात, परतताना तर जेट स्ट्रीम टाळायला बरेचदा अजून उत्तरेकडून नेतात.

आणि हो, तारखेकडे नीट बघा. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा येते आणि हिवाळ्यात दोन शहरांत १७ तासांचा फरक असतो (उन्हाळ्यात १६), त्यामुळे टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात की लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी १० ला उतरता, म्हणजे निघायच्या आधीच पोचलात! परतताना दुपारी १२ ला निघालात तर पोचेपर्यंत टोकियोत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झालेली असते, तेव्हा तिकडचं हॉटेल निघायच्या नाही, पोचायच्या तारखेचं बुक करा.