परदेशात आध्यात्मिक सोबत शोधताना, आणि देताना

नव्या देशात चर्च सापडायला फार वेळ लागत नाही. रविवारची उपासना सुरू होते, मुलं संडे स्कूलला जाऊ लागतात, ओळखी होतात. पण ‘माझी प्रार्थना गेले कित्येक महिने कोरडी चालली आहे’ हे सांगायचं कुणाला? पाळकांच्या मागे साऱ्या मंडळीचा व्याप असतो. आईला फोनवर सांगावं तर ती काळजीत पडते. आणि मित्रांमध्ये असला विषय काढायचा संकोच वाटतो. नेमक्या याच गोष्टीसाठी ख्रिस्ती परंपरेत स्पिरिच्युअल डायरेक्शनची, म्हणजे आध्यात्मिक सोबतीची, वाट आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांकडे लोक यासाठीच चालत जात.

आध्यात्मिक सोबती देवाचा निरोप आणून देत नाही. देव तुमच्याशी काय बोलतो आहे हे तुमचं तुम्हाला ऐकू यावं म्हणून तो शेजारी बसतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य येशूच्या मृत्यूने खिन्न होऊन चालले आहेत. पुन्हा उठलेला येशू ओळख न देता त्यांना गाठतो, आणि जे घडलं ते सगळं ठाऊक असूनही आधी विचारतो, काय बोलत चाललात? ते सांगू लागतात तेव्हा पुन्हा विचारतो, कोणत्या गोष्टी? त्यांचं सगळं सांगून झाल्यावरच तो बोलायला लागतो. हा क्रम लक्षात ठेवला तर बाकीचं बरंच समजतं.

साधारणपणे महिन्यातून एकदा, तासभर भेटायचं असतं. सुरुवातीची दोन-चार मिनिटं शांततेत जातात. मग तुम्ही बोलता: प्रार्थना, शास्त्रवाचन, घर, नोकरी, राग, आनंद, जे वर आलं असेल ते. समोरची व्यक्ती ऐकते आणि मधूनच एखादा प्रश्न विचारते. शेवटी छोटी प्रार्थना. हे समुपदेशन नव्हे, कारण एखादी समस्या सोडवणं हा त्याचा हेतू नसतो. हे कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देणं, हेही नव्हे. कॅथलिक धर्मगुरूवर कन्फेशनच्या गुप्ततेचं बंधन पूर्ण असतं, त्याला कुठलाच अपवाद नाही. इथली गुप्तता मात्र दिलेल्या शब्दावर उभी असते आणि तिला मर्यादा असतात. मुलांवरचा अत्याचार किंवा कुणाच्या जिवाला धोका कळला, तर त्या देशाच्या कायद्याप्रमाणे सोबत्याला ते कळवावं लागू शकतं. म्हणून या मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या.

प्रोटेस्टंट घरांतून शंका येते की हा रोमन कॅथलिक प्रकार आहे. पण इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंट मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या चळवळीत १७४२ पासून साधारण बारा-बारा जणांचे ‘क्लास’ भरू लागले. तिथे दर आठवड्याला एकमेकांच्या आत्म्याची खुशाली विचारली जाई. पद्धत वेगळी असली तरी गरज तीच होती.

शोध कुठे घ्यायचा? जवळपासची रिट्रीट सेंटर्स, येशूसंघीयांची (जेझुइटांची) केंद्रं, धर्मभगिनींचे मठ, अँग्लिकन डायोसिसची कार्यालयं, सेमिनरी. स्पिरिच्युअल डायरेक्टर्स इंटरनॅशनल या संस्थेची यादीही पाहता येते. ती सर्व धर्मांसाठी खुली आहे, म्हणून समोरच्याची ख्रिस्ती परंपरा कोणती ते विचारावं. सोबती धर्मगुरूच असला पाहिजे असं नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांना धर्मगुरूपदाची दीक्षा १५३७ साली मिळाली, पण लोकांना आध्यात्मिक साधना देण्याचं काम त्यांनी त्याआधी कित्येक वर्षं, धर्मगुरू नसतानाच सुरू केलं होतं.

आमचा आग्रह एका बाबतीत आहे: सोबती आपल्या मराठी वर्तुळाबाहेरचा निवडा. परदेशातली मराठी ख्रिस्ती मंडळी लहान असते. आज ज्यांच्यापाशी मन मोकळं केलं, ते उद्या वाढदिवसाला शेजारी बसतात, नाहीतर त्यांच्याच भावाकडे तुमची नोकरी असते. मग माणूस अर्धंच बोलतो, आणि अर्धं बोलण्याची सवय हळूहळू प्रार्थनेतही शिरते. सोबत्याला मराठी येत नसेल तरी अडत नाही. मात्र तुमची प्रार्थना मराठीत होत असेल तर भेटीतली प्रार्थनाही मराठीतच करा. लहानपणापासून म्हणत आलेल्या भजनाची ओळ आठवली तर तीही तशीच म्हणा, मग अर्थ सांगा.

पहिल्या भेटीत बेधडक विचारा: प्रशिक्षण कुठे घेतलं, किती काळाचं? तुम्ही स्वतः कुणाकडे जाता का? तुमच्या या कामावर देखरेख कोण करतं? मानधन किती, आणि परवडत नसेल तर काय? प्रशिक्षण बहुधा दोन-तीन वर्षांचं असतं. ज्याला स्वतःचा सोबती नाही, त्याच्याकडे जाऊ नये. तीन भेटी होऊ द्या, मग चालू ठेवायचं का ते दोघांनी मिळून ठरवा. नको वाटलं तर आभार मानून थांबा, यात कुणाचाही अपमान नाही.

ऑनलाइन भेटही उत्तम चालते. फक्त दार बंद होणारी खोली हवी, कानात हेडफोन हवेत, आणि नंतरची पंधरा मिनिटं मोकळी हवीत. आतलं काहीतरी नुकतंच उघड झालेलं असताना लगेच ऑफिसच्या मीटिंगला बसलात, तर हाती आलेलं निसटून जातं. नवरा-बायकोंनी वेगवेगळे सोबती घ्यावेत, आणि ‘आज काय बोललीस?’ हे एकमेकांना विचारू नये. किशोरवयीन मुलांचे सोबती आईवडिलांनी होऊ नये. मुलांसाठी दुसरी व्यक्ती पाहताना चर्चचे बालसुरक्षेचे नियम पाळले जातात का ते तपासावं. भेट बंद दाराआड नसावी.

दोन भेटींच्या मध्ये रोज प्रार्थना नसेल तर भेटीत बोलायला फक्त बातम्या उरतात. इग्नेशियस यांची रात्रीची दहा-पंधरा मिनिटांची आत्मपरीक्षणाची पद्धत इथे फार उपयोगी पडते. आधी कृतज्ञता, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने पाहणं: देवाकडे ओढ कुठे वाटली, मन कुठे आक्रसलं? मग क्षमा मागणं आणि उद्यासाठी कृपा मागणं. वहीत दोन ओळी लिहा, भेटीला तेवढं पुरतं. त्यांचाच आणखी एक नियम परदेशातल्या कुटुंबांनी जवळ बाळगावा: मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. पहिल्या हिवाळ्यात ‘सगळं सोडून परत जाऊ’ असं वाटतं तेव्हा परतणं चुकीचंच असतं असं नाही. पण तो निर्णय त्या मनःस्थितीत घ्यायचा नाही, एवढंच.

प्रत्येक कोरडेपणा मात्र आध्यात्मिक नसतो. झोप उडाली, जेवण तुटलं, रोजची कामं होईनाशी झाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जा, आणि आजच जा. सोबत्याची भेट त्याच्या जोडीला चालू राहू शकते, त्याच्या जागी नाही. ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणून औषध थांबवायला सांगणाऱ्याकडे पुन्हा पाऊल ठेवू नका. ‘देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं आहे’ म्हणून निर्णय लादणारा, आज्ञापालन मागणारा, घरच्यांपासून लपवायला सांगणारा, पैसे उसने मागणारा, शरीराची जवळीक साधणारा: यातलं एकही दिसलं तर तिथेच थांबा, आणि त्याच्या चर्चला किंवा संस्थेला लेखी कळवा. अवघडलेले लोक हे कळवायचं टाळतात, पण तुमच्यानंतर त्याच खुर्चीत दुसरं कुणीतरी बसणार असतं.

आता सोबत देण्याविषयी. चर्चमधल्या ज्येष्ठांकडे लोक आपणहून बोलायला येतात. तिथे सगळ्यात जास्त बिघडतं ते सल्ल्यामुळे. समोरची बाई म्हणते, ‘प्रार्थना होतच नाही हो, ताई.’ ताई लगेच सांगतात, ‘पहाटे उठून बघ, स्तोत्र २३ म्हण.’ सल्ला वाईट नाही, पण संभाषण तिथेच संपलं. ‘होत नाही म्हणजे बसल्यावर नेमकं काय होतं?’ असं विचारून गप्प राहिलं, तर मिनिटाभराने ती सांगेल, ‘डोळे मिटले की बाबांचा चेहरा येतो. त्यांच्या अंत्यविधीला जाता आलं नव्हतं.’ आता खरी प्रार्थना कुठे अडली आहे ते दोघींना दिसतं. पुढचा प्रश्नही तिथूनच निघतो: ‘हे प्रभूला सांगितलंस का?’ ते एक मिनिट सांभाळणं हेच या कामातलं मुख्य कौशल्य आहे, आणि ते सरावानेच येतं.

बायबलमधला वृद्ध याजक एली आणि त्याच्याजवळ मंदिरात राहणारा लहान शमुवेल आठवा. रात्री हाक ऐकू आली, आणि एलीच बोलावतो आहे असं समजून मुलगा तीनदा धावत आला. हाक देवाची आहे हे एलीला तिसऱ्या वेळी उमगलं. त्याने काय म्हणायचं तेवढं सांगितलं आणि शमुवेलाला परत त्याच्या जागी निजायला पाठवलं. तो त्याच्याबरोबर गेला नाही. इग्नेशियसही साधना देणाऱ्याला बजावतात की, त्याने तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, निर्मात्याला आपल्या लेकराशी थेट व्यवहार करू द्यावा.

प्रशिक्षण नसेल आणि आसपास कुणी सोबती मिळतच नसेल, तर तीन-चार जणांचा गट करा. हा मार्ग त्यामानाने सुरक्षित आहे, कारण सगळा भार एकावर येत नाही. एकाने दहा-पंधरा मिनिटं बोलावं, मध्ये कुणी टोकू नये. मग तीन-चार मिनिटं पूर्ण शांतता. मग दहा मिनिटं इतरांनी त्या शांततेत जे सुचलं ते, शक्यतो प्रश्नाच्या रूपात, मांडावं. पुन्हा थोडी शांतता, आणि पुढच्याची पाळी. घड्याळ एकाच्या हाती असावं. ‘माझंही अगदी असंच झालं होतं’ हे वाक्य गटात वर्ज्य ठरवा, त्याने बोलणाऱ्याचा वेळ दुसऱ्याच्या गोष्टीत जातो. ऐकलेलं गटाबाहेर न्यायचं नाही, प्रार्थनाविनंतीच्या नावाखालीही नाही. मंडळीतल्या कुजबुजीला सर्वांत सोपी वाट तिथूनच मिळते.

ही सोबत आयुष्यभराची असायला हवी असं नाही. वर्षातून एकदा दोघांनी बसून आढावा घ्यावा: भेटींमुळे प्रार्थना मोकळी होते आहे की भेटीवाचून पाऊलच उचलत नाही? दुसरं असेल तर भेटींमधलं अंतर वाढवा. गाव किंवा देश बदलत असाल तर मेसेज करून विषय संपवू नका, निरोपाची एक भेट ठेवा. या काळात देवाने काय केलं ते दोघांनी आठवून सांगावं, आणि नव्या ठिकाणी कुणाकडे जाता येईल याची नावं तिथेच मागून घ्यावीत.