ओळीतला अपूर्णांक

प्रश्न : लाटेकमध्ये (गणिती मजकूर जुळवायच्या संगणक-प्रणालीत) मजकुराच्या ओळीत ‘फ्रॅक’ (\frac) या आज्ञेने अपूर्णांक टाकला की आकडे मुंगीएवढे होतात. मोठ्या अपूर्णांकाची आज्ञा ‘डीफ्रॅक’ (\dfrac) वापरली तर ओळी फाकतात. काय करू?

उत्तर : ओळीची उंची सांभाळायला लाटेक मुद्दामच अंश-छेद घातांकाच्या मापाचे करतं. ‘डीफ्रॅक’ त्यांना पूर्ण मापात आणतं, मग ओळी फाकणारच. मी ओळीत सरळ तिरकी रेघ मारते. फक्त कंस विसरू नका. (क + १)/२ निराळं, क + १/२ निराळं. माझ्या एका प्रश्नसंचात हा कंस राहिला आणि क = ३ घेतल्यावर २ ऐवजी साडेतीन आले; अख्खा वर्ग बुचकळ्यात! नुसता १/२ असेल तर बारीक ‘फ्रॅक’ही खपून जातो. लांबलचक राशींना मात्र स्वतंत्र ओळ द्या. तिथे साधं ‘फ्रॅक’च ऐसपैस उमटतं.