एम.एस्सी. झालीये तरी पुन्हा मास्टर्स? जर्मनीतल्या बायर्नहून (बवेरियाहून) उत्तर, जरा लांबलंय

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि मग झोप लागेना, म्हणून आता लिहिते. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान असशील, अगं-तुगं करते, चालेल ना.

तू विचारलंयस की बी.एस्सी. तीन वर्षं, एम.एस्सी. दोन, दोन्ही केमिस्ट्री, नाशिकला सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतेयस, नवऱ्याला बायर्नमध्ये नोकरी लागतेय, मुलगी दुसरीत. तर युरोपात डिग्र्यांच्या बोलोन्या सुधारणांमुळे आता सगळीकडे बॅचलर-मास्टर सारखंच झालंय, मग माझी एम.एस्सी. सरळ मास्टर म्हणून धरतील ना? आणि शेवटी एका ओळीत, तिकडे एकटं वाटतं का.

एपीएस (कागदपत्रांची तपासणी), व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं) यातलं काही मी लिहीत नाही, ते सगळं वेबसाइटवर आहे आणि दर वर्षी बदलतं. एकटेपणाचं: येतो, नोव्हेंबरात जास्त, मग जातो. पुढे.

माझ्याकडे दोन मास्टर्स आहेत. एकाच विषयात. केमिस्ट्री आणि केमिस्ट्री. लोकांना वाटतं मी हुशार आहे.

झालं असं की मी २००५ला एम.एस्सी. झाले, ऑरगॅनिक, ६८ टक्के, आणि पुणे विद्यापीठात त्या काळी ६८ म्हणजे काय ते तुला कळेल. दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, तुझ्यासारखंच, पगार दिवाळीनंतर. २००७ला लग्न होऊन इथे आले. नवरा बी.ई. मेकॅनिकल, त्याची चार वर्षं कुणी मोजलीच नाहीत, कंपनीने घेतलं, संपलं. मला पीएचडी करायची होती. २००८मध्ये इथल्या एका विद्यापीठात अर्ज केला आणि सहा आठवड्यांनी पत्र आलं की तुमची एम.एस्सी. ही आमच्या बॅचलरच्या बरोबरीची आहे, तुम्ही मास्टरला प्रवेश घेऊ शकता. अभिनंदन वगैरे पण होतं बहुतेक.

हिशोब कसा केला ते नंतर एका बाईंनी समजावलं, चांगल्या होत्या बिचाऱ्या. बायर्नमध्ये तेव्हा शाळा तेरा वर्षांची होती, आपली बारा. म्हणजे माझं एफ.वाय. शाळेच्या खात्यात गेलं. मग एस.वाय., टी.वाय. आणि एम.एस्सी.ची दोन मिळून चार वर्षं उरली, त्यातलं सेमिनार न् काय काय वजा करून बॅचलर. आमचे केस पांढरे करणारी एफ.वाय.ची प्रॅक्टिकल्स, सॉल्ट अ‍ॅनालिसिस, ब्यूरेट फोडल्याचा दंड, सगळं शाळेत! आणि मजा बघ, याच बायर्नने तेव्हा गिम्नाझिउम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) बारा वर्षांवर आणायला घेतलेलं होतं, २०११ला दोन बॅचेस एकदम बाहेर पडल्या, आणि मग काही वर्षांनी परत तेरावर गेले. आमची बारा ती कमी, त्यांची बारा ती सुधारणा.

आता बोलोन्याचं. ते नीट समजून घे कारण तुझ्या प्रश्नातच घोटाळा आहे. १९९८ला सोर्बोनमध्ये चार देशांच्या मंत्र्यांनी सुरुवात केली, फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन, आणि १९ जून १९९९ला बोलोन्यात २९ देशांनी सह्या केल्या. हेतू असा की इटलीतल्या पोराने दोन सेमिस्टर फिनलंडला केली तर ती वाया जाऊ नयेत, डिग्रीचे टप्पे सगळीकडे सारखे असावेत. इथे त्याआधी डिप्लोम नावाची सलग पाच वर्षांची डिग्री होती, कागदावर पाच, प्रत्यक्षात सहा-सात पण लागायची, आणि मधे सोडलं तर हातात जवळजवळ काही नाही. ती मोडून सहा सेमिस्टरचा बॅचलर आणि चारचा मास्टर केला. वर्षाला ६० क्रेडिट्स, तीन वर्षांचे १८०, मास्टर धरून ३००. वकिली आणि डॉक्टरकी मात्र स्टाट्सएक्झामेनवरच, म्हणजे सरकारी परीक्षेवरच राहिली, त्यांना कोण हात लावणार.

म्हणजे १९९९नंतर त्यांनी स्वतःच तीन अधिक दोन केलं. आपलं तर आधीपासून तीन अधिक दोन होतं! मी ते पत्र हातात धरून नवऱ्याला हेच म्हणाले, तर तो म्हणतो, अगं पण तू त्या २९ देशांत नाहीस ना. डिग्र्यांना मान्यता देण्याबद्दल १९९७चा एक लिस्बन करार आहे, त्यात तत्त्व असं की मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्याने दाखवून द्यायचं, अर्जदाराने सारखेपणा सिद्ध करत बसायचं नाही. फार सुंदर तत्त्व आहे. भारत त्या करारात नाही.

क्रेडिटचं पण सांगते, कारण तू लिहिलंयस की आता आपल्याकडेही क्रेडिट सिस्टिम आली म्हणजे सोपं झालं असेल. आपल्या नव्या क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट्स, चार वर्षांच्या डिग्रीचे १६०. इथे वर्षाचे ६०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास, जर्मनीत बहुतेक ३० धरतात. आता वर्षाला वर्ष लावलं तर आपला एक क्रेडिट इथल्या दीडच्या बरोबर. तासाला तास लावलं तर एकास एक, म्हणजे तुझं वर्षाचं काम त्यांच्या आठ महिन्यांचं. कुठलं लावायचं हे समोरच्या टेबलावर ठरतं. म्हणून सिलॅबस हवा, नुसती मार्कशीट नाही. प्रत्येक पेपरचे लेक्चरचे तास, प्रॅक्टिकलचे तास, प्रोजेक्टचे तास, प्रत्येक पानावर शिक्का. प्रोजेक्ट सोडू नकोस हां, एम.एस्सी.चं डिझर्टेशन किती महिन्यांचं होतं ते गाइडकडून लिहून घे. माझं चार महिन्यांचं होतं आणि मार्कशीटवर ते पेपर नंबर अमुक म्हणून एका ओळीत होतं, कुणाला कळणार.

माझा सिलॅबस मिळवायला माझा भाऊ साताऱ्याहून एसटीने तीनदा पुण्याला गेला. पहिल्यांदा खिडकी बंद, दुसऱ्यांदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा मिळाला पण दोन पानं दुसऱ्याच बॅचची, आणि ते मला इथे पाकीट उघडल्यावर दिसलं. त्याला मी फोनवर ओरडले. तो काही बोलला नाही, अजूनही कधी बोललेला नाही त्यावर. तू निघायच्या आधी स्वतः जा आणि तिथेच उभं राहून पानं मोज.

मार्कांचं. यांच्याकडे १ सगळ्यात चांगला, ४ला पास. रूपांतराचं सूत्र आहे, नावच 'सुधारित बवेरियन', कमाल मार्कांतून तुझे वजा करायचे, कमाल आणि पासिंगच्या फरकाने भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. माझे ६८, पासिंग ४० धरून २.६ आले. पासिंग ५० धरलं असतं तर २.९. म्हणजे विद्यापीठाकडून पासिंग किती होतं याचं पत्र घे, नाहीतर कुणीतरी अंदाजाने टाकेल. आणि ६८ला युनिव्हर्सिटीत कितवा नंबर होता हे त्या सूत्राला कळत नाही.

तर मी २००८च्या विंटर सेमिस्टरला मास्टरला बसले. बायर्नमध्ये तेव्हा फी पण होती, ५०० युरो सेमिस्टरला, नंतर काढली. एका बाकावर डिप्लोमची शेवटची मुलं, एका बाकावर बॅचलर होऊन आलेली पहिली मुलं, आणि मी, जी हेच क्रोमॅटोग्राफीचं लेक्चर पोरांना शिकवून आलेली. २००९च्या नोव्हेंबरात देशभर विद्यार्थ्यांनी लेक्चर हॉल ताब्यात घेतले होते, आमच्याकडेही. मागण्या फीच्या आणि या नव्या बॅचलरच्या विरुद्ध, की प्रत्येक सेमिस्टरला परीक्षाच परीक्षा, पाठ करा, ओका, विसरा. त्याला ते बुलिमी-लेर्नेन म्हणतात. मला हसू आलं, आम्ही याला परीक्षा म्हणतो. पण खोटं कशाला सांगू, मी तिथे मागे उभी राहून त्यांची कॉफी प्यायले आणि मला त्यांचा भयंकर हेवा वाटला. डिग्री बदलली म्हणून एवढं भांडायला यांना येतं. मी तर मान डोलावून आले होते.

हेच सांगायला एवढं लिहिलं बहुतेक. त्या पत्राच्या शेवटच्या पानावर एक बारीक अक्षरातला परिच्छेद होता, की हा निर्णय मान्य नसेल तर एका महिन्यात हरकत घ्या. मी तो वाचलाच नाही. जर्मन बी-१ म्हणजे कामापुरतंच होतं आणि मला वाटलं ते नेहमीचं सही-शिक्क्याचं काहीतरी असेल. चार वर्षांनी फाइल लावताना वाचला. आणि त्याहून वाईट म्हणजे, वाचला असता तरी मी हरकत घेतली असती का? मला लाज वाटत होती. वाटलं की बरोबरच असेल यांचं, आपलंच काहीतरी कमी असणार. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांना सांगितलं पीएचडीची तयारी चाललीये. ते आजही गावात सांगतात मुलगी जर्मनीत डॉक्टर आहे, आणि मी दुरुस्त करत नाही. पीएचडी झालीच नाही, दुसरी मास्टर संपता संपता दिवस राहिले.

तुझ्या बाबतीत चित्र वेगळं असू शकतं, आता लोक भारतातल्या डिग्र्यांना सरावलेत, बरीच विद्यापीठं तीन वर्षांच्या बी.एस्सी.वरसुद्धा मास्टरला घेतात. बॉनला झेडएबी म्हणून सरकारी ऑफिस आहे, ते डिग्री कशाच्या तोडीची याचं पत्र देतं, नोकरीसाठी ते घेच. पीएचडी हवी असेल तर आधी प्राध्यापक गाठ, तो तयार असला की फॅकल्टीशी बोलणं सोपं जातं, फार तर एक-दोन परीक्षा जादा द्यायला लावतील. मी उलट्या टोकाने गेले, आधी ऑफिस. आणि मास्टरला बसलीसच तर परीक्षेचे नियम वाच: बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी, तिसऱ्यांदा नापास झालीस तर तो अभ्यासक्रम जर्मनीत कुठेच करता येत नाही. एटीकेटी नाही.

आता मुलगी. दुसरीत आहे म्हणजे तुझ्याकडे दोन वर्षं आहेत. बायर्नमध्ये चौथीच्या मे महिन्यात कागद येतो, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३पर्यंत आली तर गिम्नाझिउम, २.६६पर्यंत रेआलशूले (दहावीपर्यंतची मधली शाळा), त्याहून वाईट आली तर मिटेलशूले (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). दहा वर्षांच्या पोरीला! माझीच्या चौथीत कोरोना, अर्धं वर्ष स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप. गणितात २, बाकी दोन्हीत ३. टीचर म्हणाल्या, घरी जर्मन बोलत जा. घरी. ती बाई वाईट नव्हती, पण मला ते अजून गिळता आलेलं नाही, कारण त्या रात्री मी खरंच पोरीशी जर्मनमध्ये बोलले आणि ती म्हणाली, आई तू अशी का बोलतेयस. तीन दिवसांची एक चाचणी देऊन गिम्नाझिउमला जाता येतं, मी फॉर्म आणला होता. दिला नाही. पुन्हा वाटलं, बरोबरच असेल यांचं.

रेआलशूलेतून पुढे फाखओबरशूले (अकरावी-बारावीसारखं), मग फाखहोखशूले (प्रत्यक्ष कामावर भर देणारं कॉलेज), असा रस्ता आहे, आणि पूर्वी तिथल्या डिप्लोमपुढे कंसात एफएच लिहायचे, म्हणजे लगेच कळायचं हा दुसऱ्या दाराने आलाय. बॅचलरपुढे तो कंस नाही. एवढं मात्र बोलोन्याने केलं, हे मान्य करते.

पण तिला डिग्री नकोच आहे. तिला केमीलाबोरांटिन (केमिस्ट्री लॅबमधली तंत्रज्ञ) व्हायचंय, साडेतीन वर्षं कंपनीत शिकायचं, पहिल्या महिन्यापासून पगार. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, मला एचपीएलसी मशीन नीट शिकवलं ते अशाच एका लाबोरांटिनने, तिचे हात बघितलेस तर डिग्रीचं काही वाटणार नाही. तरी मी पोरीला दर रविवारी फाखओबरशूलेचं सांगते. ती इअरफोन घालते.

तुला अर्जाचं उत्तर आलं की सगळी पानं स्कॅन करून मला पाठव, जर्मन असो वा इंग्रजी. मी शेवटचं पान आधी वाचते आता.