मेलो, पण का मेलो?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून आम्ही चौघांनी एक फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे खेळणाऱ्याच्याच डोळ्यांतून दिसणारा बंदुकीचा गेम बनवलाय. बंदुका, रीलोडचं म्हणजे गोळ्या भरण्याचं अ‍ॅनिमेशन, धूर, सगळ्यावर चार महिने घासलो. पण होस्टेलवरची पोरं दहा मिनिटांत उठतात. “भारी दिसतोय रे” म्हणतात आणि परत आपलं व्हॅलोरंट लावून बसतात. सोबत गेम पाठवतोय. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तुमचा गेम लावला. अकरा वेळा मेलो. त्यातल्या दोन वेळा माझाच गाढवपणा होता. उरलेल्या नऊ वेळा का मेलो, ते मला अजून कळलेलं नाही. तुझी पोरं त्यामुळेच उठतात.

२००४-०५ च्या सुमारास नाशिकला माझा सहा कॉम्प्युटरचा सायबर कॅफे होता. तासाला वीस रुपये. संध्याकाळी क्लास सुटला की पोरं काउंटर स्ट्राइक १.६ लावायची, टेररिस्ट विरुद्ध पोलीस असा दोन टीमचा गेम, आणि मॅप म्हणजे लढाईची जागा बहुतेक वेळा डस्ट टू. चित्रं म्हणशील तर तेव्हाही जुनाटच, कारण मुळात तो गेम १९९८ च्या हाफ-लाइफवर हौशी पोरांनी बेतलेला. तरी खुर्ची रिकामी व्हायची नाही. त्या मॅपच्या मधोमध एक दुपाखी दार आहे आणि दोन फळ्यांमध्ये फट. राउंड सुरू झाला की टेररिस्ट बाजूचा एखादा ऑप घेऊन, म्हणजे ती लांबलचक स्नायपर, फटीवर नेम धरून बसायचा. पलीकडून समोरची टीम पळत जाते, ती फटीत दिसते डोळ्याचं पातं लवेपर्यंत. त्यात गोळी बसली तर बसली. पहिल्यांदा तिथे मेलेला “अरे, काय झालं?” म्हणून ओरडायचा, आणि शेजारच्या खुर्चीवरून उत्तर यायचं, “फटीतून घेतला तुला.” पुढच्या राउंडला तो वेगळ्या वेळी पळायचा, त्याच्या पुढच्या राउंडला आधी स्मोक, म्हणजे धुराचा बॉम्ब टाकायचा. मरून काहीतरी हातात पडायचं. शिवाय ऑप गेममधल्या पैशांत ४७५० डॉलरची. नेम चुकवून मेलास की बंदूक गेली, पुढचा राउंड कदाचित पिस्तुलावर काढायचा. त्यामुळे फटीवर बसलेल्याचेही तळहात ओले. माऊस पुसून पुसून माझं फडकं झिजलं.

त्या गेममध्ये पळालास तर पावलं वाजतात, शिफ्ट दाबून चाललास तर वाजत नाहीत. पळता पळता गोळी झाडलीस तर ती भलतीकडे जाते. म्हणजे दर क्षणाला ठरवायचं : घाई करू की गप राहू, पळू की थांबून मारू. मजा ह्या ठरवण्यात आहे. ट्रिगर दाबणं हे त्याचं शेवटचं टोक.

आता तुमच्याकडे बघ. गोदामातला शत्रू पेटीमागून येतो, त्याचं पाऊल वाजत नाही, वळतो आणि वळल्याच क्षणी मी मेलेला. अरे, लपंडावात धप्पा द्यायला येणाऱ्याचीसुद्धा चपला-बिपला वाजून चाहूल लागते! त्याला पाऊल दे. बंदूक उचलायला अर्धा सेकंद लागू दे. तेवढ्यात मला आडोसा गाठता आला पाहिजे, आणि नाही गाठला तर चूक माझी.

दुसरं म्हणजे तुमचे बावीसच्या बावीस शत्रू एकाच आईची लेकरं आहेत. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला डूम कधीतरी खेळून बघ. त्यातला इम्प नावाचा राक्षस आगीचा गोळा फेकतो, तो येताना दिसतो, बाजूला सरकून चुकवता येतो. गुलाबी धूड नुसतं चावतं, म्हणून त्याला जवळ येऊ द्यायचं नाही. शॉटगनवाल्याची गोळी दिसतच नाही, म्हणून त्याला आधी टिपायचा. हे तिघं एका खोलीत आले की क्रम लावावा लागतो. आणि एकाचा मार चुकून दुसऱ्याला लागला तर ते आपसांत भांडतात, मग आपण कोपऱ्यात उभं राहून तमाशा बघायचा. तीस वर्षं उलटली तरी मला ह्याचं हसू येतं.

त्याच डूममध्ये रीलोड नाही. शॉटगन झाडली की ‘खट्-खटक’ होईपर्यंत जेमतेम सेकंद जातो, तेवढ्यात सरकून घ्यायचं. तुमचं रीलोड दिसायला देखणं आहे, पण तीन सेकंद नुसतं बघत बसावं लागतं आणि मधे थांबवता येत नाही. चौथ्यांदा मी शिवी दिली. शिवाय गोळी लागली तरी शत्रू दचकत नाही, आवाज बदलत नाही. मारलं की भिंतीला खिळा ठोकला, काही समजेना.

एक कर. गोदामाची सगळी चित्रं काढून नुसते राखाडी ठोकळे ठेव. त्याला एकाऐवजी तीन दारं दे. चार जातींचे चार शत्रू सोड आणि पोरांना बसव. ती ठोकळ्यांतही रमली तर मग चित्रं चढव. परीक्षकांना धूर आवडेल, तो कुठे पळून जात नाही.

प्रश्न : लेकीबरोबर असे बंदुकीचे गेम खेळायची हौस आहे, पण पाच मिनिटांत माझं डोकं गरगरतं, मळमळतं. वय ४४. काही उपाय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, वयाचा दोष नाही, मलाही होतं. सेटिंगमध्ये ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ किंवा ‘एफओव्ही’, म्हणजे एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं ते, असेल तर ते वाढवून ९०च्या आसपास आणा. स्क्रीन जवळ असून गेममधलं दृश्य अरुंद असलं की अनेकांना गरगरतं. वळताना चित्र पुसट करणारं ‘मोशन ब्लर’ आणि चालताना कॅमेरा हलवणारं ‘हेड बॉब’ बंद करा. खुर्ची थोडी मागे घ्या, खोलीतला दिवा लावा. आणि मळमळायला लागलं की लगेच उठा, रेटून खेळू नका. तेवढ्यात लेक तुमची बंदूक घेऊन पळाली तर तो तुमच्या घरचा प्रश्न.